मायलोच्या कुंपणापलीकडे

जखमी हरीण शोधून देणं हा माझा उद्योग आहे. धंदा म्हणवत नाही, कारण मोबदला म्हणून मी फार तर मांसाचा एखादा तुकडा घेते, तोही कुणी आपणहून आणून दिला तर. नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडला की नऊ दिवस माझा फोन थांबत नाही. कुणाची गोळी पोटात लागलेली असते, कुणाची पायाला, आणि हरीण रक्त गाळत टेकडीपलीकडे गेलेलं असतं. मग मी आणि नेली निघतो. नेली म्हणजे माझी डॅशहाउंड, खरखरीत केसांची, वीतभर पायांची. काल संध्याकाळी सांडलेला रक्ताचा थेंब ती आज दुपारी पानांखालून हुडकून काढते. लांब दोरावर ती पुढे, मी मागे. बंदूक माझ्याकडे नसते.

लोकांना वाटतं, अवघड काम कुत्रीचं आहे. अवघड काम माझं आहे. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात एकाची टेकडी संपते तिथे दुसऱ्याची घळ सुरू होते. हरणाला कुंपण दिसत नाही आणि कायद्याला कुंपणाशिवाय काही दिसत नाही. हरीण दुसऱ्याच्या रानात गेलं की मालकाने हो म्हटल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही, मग ते दहा फुटांवर मरून पडलेलं का दिसेना. त्यामुळे नेलीला दोर बांधण्याआधी मी शेजारपाजारची दारं ठोठावते. गाडी फाटकाबाहेर ठेवायची, घरापर्यंत चालत जायचं, बूट दाराशी काढायचे. गोळी कुणी मारली ते सांगायचं, आणि हरीण तेव्हा कुठे उभं होतं तेही. एवढं सांगून झालं की मी एक वाक्य न चुकता जोडते, “असं तो म्हणतो. खरं काय ते कुत्री सांगेल.”

हे जोडावं लागतं, कारण शिकारी खोटं बोलतात. सगळे नाही. पण भिंतीवर टांगण्याजोगी शिंगं दिसली की भल्याभल्यांची नियत फिरते. मांसासाठी शिकार करणाऱ्याशी माझं चटकन जमतं. शिंगवेड्यांशी मी तोंडापुरतं बोलते.

माझा भाऊ ऑरिन शिंगवेडा नव्हता, निदान मी तसं समजत होते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडिलांची शेती तोच करतो. दर मार्चमध्ये गावच्या सभागृहात तो पोरांना बंदूक सांभाळायचा वर्ग घ्यायचा. त्याचा पहिला धडा बंदुकीचा नसायचाच. तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, आधी विचारा. माझा नवरा व्हर्न गेला त्यानंतरचे तीन हिवाळे ऑरिनने माझं सगळं सरपण फोडून रचून दिलं. एकदाही ‘येऊ का’ म्हणून विचारलं नाही की ‘केलं’ म्हणून सांगितलं नाही. असा भाऊ.

ऑरिनच्या मक्याला लागून मायलो प्रोहास्काचं रान आहे. मायलो एकोणऐंशी वर्षांचे, चार पिढ्यांपूर्वी बोहेमियातून आलेल्या चेक घराण्यातले, गाईंवर पोटच्या पोरांसारखी माया. पूर्वी त्यांच्याकडे कुणीही शिकारीला जायचं. मग अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी हरीण ओढून न्यायला सोपं पडावं म्हणून त्यांच्या कुंपणाच्या चारही तारा तोडल्या आणि तशाच टाकून तो निघून गेला. पहाटे आठ कालवडी हमरस्त्यावर गेल्या. रात्रपाळी करून घरी निघालेल्या एका नर्सची गाडी त्यांतल्या एकीवर आदळली. बाई वाचली, पण अजून काठी घेऊन चालते. तारा कोणी तोडल्या ते कधीच कळलं नाही. कालवडी माझ्या, तेव्हा दोषही माझा, असं मायलो म्हणाले आणि त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. त्यानंतर तिथे एकाही शिकाऱ्याला हो मिळालं नाही.

मला मिळालं. चार वर्षांनी एक जखमी मादी त्यांच्या रानात शिरली आणि मी भीतभीतच दार ठोठावलं. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, अंगठ्याशी भोक होतं. “पोरी,” ते म्हणाले, “बूट काढून येणारी तू पहिलीच.” तेव्हापासून सात वर्षं मी आणि नेली त्यांच्याकडे जात होतो. शिकारी कुंपणाबाहेर थांबायचा. मला काय सापडलं, कुठे सापडलं, ते परत येऊन जसंच्या तसं सांगायचं, एवढीच त्यांची अट. आजूबाजूच्या लोकांनाही त्याचा उपयोग होता. एरवी ती हरणं मायलोच्या घळीत कुजून गेली असती.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सातला ऑरिनचा फोन आला. त्याला दम लागला होता.

“आर्ली, तोच तो! चौदा टोकांचा!”

कोणता ते विचारायची गरज नव्हती. तीन वर्षं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांत चौदा टोकांच्या शिंगांचा तो नर येत होता आणि अर्ध्या तालुक्याच्या फोनमध्ये त्याचे फोटो होते. पेट्रोल पंपावर लोक त्याच्याबद्दल असे बोलायचे की जणू एखाद्याचा पोरगा मोठ्या संघात खेळायला निवडला गेलाय.

“मारलास?”

“लागली. थोडी मागे लागली बहुतेक. मक्याच्या कोपऱ्यात उभा होता, उडी मारून मायलोकडे गेला. मी कुंपण ओलांडलेलं नाही हं.”

“मागे लागली म्हणजे पोटात. हात लावू नकोस कशाला. दहा वाजता येते.”

पोटात लागलेल्या हरणाला वेळ द्यावा लागतो. घाईने मागे लागलं तर ते उठून मैलभर पळतं.

साडेनऊला मी मायलोंच्या दाराशी बूट काढले. ते स्वयंपाकघरात कॉफी घेत बसले होते. समोर कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव.

“बस. खा. कालचे आहेत, पण तुझ्यासारखेच टिकाऊ.”

“तुमच्या दातांना चालतात म्हणजे मलाही चालतील.”

“माझे दात त्या ग्लासात आहेत पोरी. बोल, कोणाचं हरीण?”

“ऑरिनचं. मक्याच्या कोपऱ्यात त्याच्या बाजूला उभं होतं. गोळी लागल्यावर इकडे आलं.”

आणि मी थांबले. ते नेहमीचं वाक्य मी म्हटलं नाही. भावाबद्दल कसलं ‘असं तो म्हणतो’ म्हणायचं, असं मनात आलं. आलं असंही नाही, तोंडच मिटलं. मायलोंच्या ते लक्षात आलं, कारण त्यांनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“आज कुत्रीला विचारायचं नाही?”

“ऑरिन आहे, मायलो. माझा शब्द घ्या.”

“घेतला,” ते म्हणाले. “जा. तो मात्र बाहेर थांबेल.”

ऑरिन मक्याच्या कोपऱ्यात उभा होता, नारिंगी जाकिटात, हात काखेत दाबून. बोट करून म्हणाला, “इथे होता.” जमीन गोठलेली, बर्फ अजून पडलेला नव्हता, मक्याची खुंटं तेवढी वर आलेली. मी नेलीला तिथे सोडलं. तिने एकदा हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की, बाई, इथे कशाला आणलंस?

“जरा पुढे असेल,” ऑरिन म्हणाला.

पुढेही काही नव्हतं, मागेही नव्हतं. तो म्हणाला त्या ठिकाणी कुंपणाच्या तारेवर केस नव्हता की रक्त नव्हतं.

“गडबडीत जागा नीट लक्षात राहत नाही गं.”

“राहत नाही,” मी म्हटलं. असं होतंच. मोठा नर दिसला की माणसाचे पाय लटपटतात, जागा पन्नास फूट इकडेतिकडे होते. मी वाकून तारेखालून पलीकडे गेले आणि नेलीला आडवं फिरवत फिरवत उतारावर नेऊ लागले. कुंपणापासून जमीन एकदम खाली जाते. दहा पावलं उतरलं की वरचा मका दिसत नाही, आणि मक्यातून तर इथलं काहीच दिसत नाही.

एका जुन्या ओकखाली नेलीची शेपटी ताठ झाली. तिने पानांत नाक खुपसलं आणि मग रडक्या पोरासारखा बारीक आवाज काढला. मी गुडघ्यांवर बसले.

पानांवर केस पडले होते. मूठभर, तांबूस, टोकांशी गडद, मुळाशी कापल्यासारखे. बाजूला हिरवट काळं रक्त.

या कामात सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते. रक्त हरणाबरोबर चालतं. केस मात्र गोळी लागते तिथेच गळून पडतात. ते वाऱ्याने उडत असतील, पण गोठलेल्या पानांना चिकटून असे पुंजक्याने राहिले म्हणजे हरीण इथेच उभं होतं. मी मागे वळून कुंपणापर्यंत पावलं मोजत गेले आणि मोजत परत आले. एकशे बारा. ओकच्या वरच्या अंगाला, वीसेक पावलांवर, कुणीतरी गुडघा टेकला होता. तिथली पानं दबून फाटली होती.

मला आधी राग आला नाही, लाज वाटली. कुणीतरी आपल्याला उघडं पाहावं तशी.

नेलीला कोणाच्या लाजेशी देणंघेणं नव्हतं, ती दोर ओढत होती. आम्ही खाली उतरलो. रक्त थेंबाथेंबाने ओढ्याकडे जात होतं. ओढ्याच्या वळणावर, बाभळीसारख्या काटेरी झुडपांत तो पडला होता. मेला नव्हता. मान वर होती. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात मोठी शिंगं त्या मानेला पेलवत नव्हती, डोकं एका बाजूला कलायचं आणि तो परत सरळ करायचा. मागचे पाय हलत नव्हते. त्याने आम्हाला पाहिलं, उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मी नेलीला उचलून छातीशी धरलं आणि मागे सरले. फोन ओढ्यात लागत नाही. चढून जावं लागलं, आणि जिथे फोनला रेघ आली तिथे मी पाहिलं तर मी त्याच ओकखाली, त्याच केसांपाशी उभी होते.

मायलोंनी पहिल्याच घंटेला उचलला. फोनजवळच बसले असणार.

“सापडलं?”

“जिवंत आहे, मायलो. ओढ्याच्या वळणावर. उठवत नाहीये त्याला. बंदूक लागेल.”

 मायलोंनी त्यांची बंदूक केव्हाच विकून टाकली होती. बंदूक फक्त ऑरिनकडे होती आणि ऑरिन कुंपणाबाहेर होता. सांगायचं तर आत्ता. चार शब्द होते, ते जिभेवर होते. मला वाटलं, मी सांगितलं आणि ते नाही म्हणाले तर? अकरा वर्षं नाहीच म्हणत आलेत. मग शिकारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी वॉर्डनला बोलवा, तो दोन तासांनी येणार, तोवर हा असाच डोकं सावरत बसणार. हे मी तेव्हा मनाला सांगितलं. यात ऑरिनचा परवाना आणि त्याचा तो फळा किती होता, हे मी कधी प्रामाणिकपणे मोजलेलं नाही.

“ऑरिनला येऊ देता का?” मी विचारलं. “एवढ्यापुरतं.”

“तुझा शब्द आहे ना, की त्याच्या बाजूला लागलं?”

माझ्या बुटाच्या टोकाशी केस होते.

“आहे,” मी म्हणाले.

“मग येऊ दे. वाट बघायला लावू नका त्या जनावराला. मी ट्रॅक्टर घेऊन येतो.”

मी वर जाऊन ऑरिनला हात केला. तो तारेखालून आला आणि माझ्यापुढे चालायला लागला. मी त्याला वाट सांगितली नव्हती. ओकपाशी तो न पाहता डावीकडून वळला, केसांवर पाय पडू नये इतक्या अंतराने.

त्याने एकच गोळी मारली, मानेत, जवळून. मग बराच वेळ बंदुकीचं तोंड जमिनीकडे करून उभा राहिला.

“ऑरिन.”

“नको ना आर्ली.”

“एकशे बारा पावलं.”

“तो मक्यातच होता गं! समोर होता. मी बंदूक उचलली आणि तो खाली उतरला. मी म्हटलं, कुंपणापाशी जाऊन बघतो. मग म्हटलं, दोन पावलं.” त्याने टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं. “तीन वर्षं मी त्याची वाट बघितली. तीन वर्षं रोज उजाडता उजाडता तो याच तारेवरून पलीकडे जायचा, जणू मला वाकुल्या दाखवत.”

“आणि पोरांना काय शिकवतोस?”

“माहितीये मला काय शिकवतो ते.”

“मग मला का बोलावलंस? माझ्या कुत्रीला काय आंधळी समजलास?”

“असंच टाकून दिलं असतं तर?” तो ओरडला. “पोटात गोळी घेऊन कुजत? तू एकटीच होतीस जिला मायलो आत सोडतात.”

हे खरं होतं, आणि ते ऐकून मला आणखी संताप आला. चांगुलपणा होता त्याच्यात, पण तो माझ्या नावावर खर्च केला होता त्याने.

ट्रॅक्टरचा आवाज आला. मायलो हळूहळू उतार उतरून आले, साखळी घेऊन, एका पायाने लंगडत. त्यांनी नराकडे पाहिलं आणि टोपी काढली.

“हा माझ्या गाईंच्या पाण्यावर यायचा. कालवडींत मिसळून उभा राहायचा, जसा काही त्याचाही चारा मीच टाकणार होतो.” मग ते ऑरिनकडे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. “चांगली मारलीस शेवटची. आणि थांबलास बाहेर, तेही बरं केलंस. दुसरा कुणी असता तर थांबला नसता.”

ऑरिनने हात हातात घेतला. न घेऊन करतो काय?

“मी म्हातारा झालो,” मायलो म्हणाले. “कुलूप लावून बसायचा कंटाळा आलाय मलाही. पुढच्या वर्षी विचारायला ये. नाहीच म्हणेन असं नाही.”

 ऑरिन माझ्याकडे बघत होता. ती नजर मी लहानपणापासून ओळखते, खिडकीची काच फोडल्यावर तो अशीच टाकायचा, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्यासाठी काहीतरी बोलले होते.

“मायलो,” मी म्हणाले, “केस वरच्या ओकखाली पडलेत. तुमच्या हद्दीत, एकशे बारा पावलं आत. ऑरिन आत आला होता.”

 मायलोंनी हात सोडवून घेतला, झटकून नाही, हळू. ऑरिन म्हणाला, “तिचं खरं आहे. चूक माझी आहे. मी वॉर्डनला फोन करतो.” मायलोंनी मान हलवली, जणू ऑरिनने हवापाण्याची गोष्ट सांगितली. त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. शिकारी खोटं बोलतात, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

“तुला कधी कळलं?” त्यांनी मला विचारलं.

“फोन करायच्या आधी.”

“केस बघून?”

“तिथेच उभी होते. बोलत होते तेव्हा.”

“मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तो तडफडत होता, मायलो. तुम्ही नाही म्हणाला असतात तर...”

त्यांनी नराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तडफडणाऱ्या जनावराला मी नाही म्हटलं असतं?” ते म्हणाले. “पोरी, मी हो म्हटलं असतं. तू सगळं सांगितलं असतंस तरी हो म्हटलं असतं.”

  सात वर्षं त्यांनी मला ओळखलं होतं, आणि मी त्यांना एवढंही ओळखलं नव्हतं.

त्यांनी वाकून साखळी नराच्या मानेला बांधली, शिंगांना नाही, आणि ट्रॅक्टरवर चढून त्याला वर फाटकापर्यंत ओढून दिलं. सुरू केलेलं काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नाही. फाटकाबाहेर साखळी सोडली, गुंडाळली, आणि कुलूप लावताना म्हणाले, “कुत्रीला पाणी पाज. दमली असेल.”

वॉर्डन दुपारी आला. शिंगं आणि बंदूक घेऊन गेला. मांस गरजूंच्या स्वयंपाकघराला दिलं. ऑरिनचा परवाना तीन वर्षं गेला. वर्ग मात्र कुणी काढून घ्यायच्या आत त्याने स्वतःच सोडला. पोरांना कारणही त्यानेच उभं राहून सांगितलं, आणि त्या दिवशी सभागृहात मागच्या बाकावर मी बसले होते. त्याच्याशी माझं बोलणं आहे. भाऊ आहे तो, आणि त्याने जे केलं ते कबूल केलं.

गेल्या हंगामात दोन जखमी हरणं मायलोंच्या रानात गेली. दोन्ही वेळा शिकाऱ्यांनी मला विचारलं, जाऊन बघतेस का, तुला तर ते नाही म्हणत नाहीत. खरंच आहे. मायलोंनी मला त्यानंतर एकदाही नाही म्हटलेलं नाही, कारण मी विचारायला गेलेलीच नाही.